चौरस फूट मोजता, तसा वाराही मोजा

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



मंत्रिमहोदय, माझे पोट एसी बसवण्यावर आणि दुरुस्त करण्यावर चालते. मार्च ते जून आमच्या धंद्यातल्या माणसाला जेवायला फुरसत नसते. तेव्हा उकाड्याबद्दल माझी तक्रार असण्याचे वरवर पाहता काही कारण नाही. पण ज्या घरांतून मला बोलावणे येते, त्यांतल्या निम्म्या घरांना एसीची गरज पडायला नको होती, हे मी जिने चढता-उतरता पाहतो. ती गरज इमारतीच्या नकाशाने निर्माण केलेली असते आणि नकाशे आपल्या खात्याच्या हाताखालून जातात, म्हणून हे पत्र आपल्याला.

निमित्त राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणाचे. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते मंजूर केले. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे, असे त्यात उद्दिष्ट आहे. घर किती चौरस फुटांचे, चटई क्षेत्र किती, विकासकाच्या वाट्याला काय, याची चर्चा होते आणि व्हायलाच हवी. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि तिथून ३०० वर आले, ते मागण्या लावून धरल्या म्हणूनच. पण त्या ३०० चौरस फुटांत मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता म्हातारे माणूस बसू शकते का, तान्हे बाळ झोपू शकते का, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न विशेषतः किनाऱ्याचा आहे, म्हणजे मुंबई, ठाणे, रायगड, पालघर आणि खालच्या कोकणाचा. कारण इथला त्रास तापमापकावर पुरता दिसत नाही.

नागपूर आणि मुंबईचेच घ्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४३ वर असतो, हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. मुंबईत पारा ३३, आर्द्रता ७० टक्के. आकडे वाचून कोणीही म्हणेल, मुंबईकर सुखी. आता तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मोजा. पाणी उडून गेल्याने हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते या मोजणीत कळते. नागपुरात हा आकडा २३ च्या घरात येतो, मुंबईत २८ च्या. म्हणूनच नागपूरकराचा कूलर वाळ्याच्या ताटीतून २७-२८ अंशांची हवा खोलीत सोडतो आणि घर राहण्याजोगे होते. तोच कूलर मुंबईतल्या बंद खोलीत लावला, तर हवा तीन-चार अंशांनी उतरते, पण इतकी ओली होते की अंगावरचा घाम वाळेनासा होतो. नागपुरातही जूनच्या मध्यानंतर, पाऊस सुरू झाला की कूलर निकामी ठरतो, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

शरीराचा हिशेब साधा आहे. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. भोवतालची हवा ३३-३४ अंशांवर गेली की त्वचेकडून हवेकडे उष्णता जाणे जवळपास थांबते. मग एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम अंगावरच वाळून गेला, तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता ओघळून बनियन भिजवणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. आमची गिऱ्हाइके ज्याला ‘चिकचिक’ म्हणतात, ती हीच.

घाम वाळवण्याचे उपाय दोन. हवेतला ओलावा कमी करायचा किंवा अंगावरून वारा खेळता ठेवायचा. पहिल्यासाठी यंत्र लागते, दुसऱ्यासाठी खिडकी आणि पंखा. सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा अंगावर आला, तरी हवा दोन-तीन अंशांनी गार असल्यासारखे वाटते. मुंबईला तर निसर्गाने हा वारा फुकट दिलेला आहे. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाहतो. तो घरात येतो की भिंतीवर आपटून परत जातो, एवढाच मुद्दा आहे.

तो परत कसा जातो, हे एका घरात पाहू. पुनर्वसन इमारत, दुसरा मजला, दुपारी साडेबारा. दिवसा ट्यूबलाइट लावलेली. दार उघडले तर समोर बोळासारखा कॉरिडॉर, त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, म्हणून अब्रूसाठी दार बंद. खिडकी एकच आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. खिडकीच्या गजांवर आणि आत ताणलेल्या दोरीवर ओले कपडे, कारण वाळत घालायला दुसरी जागा नाही. ओट्यावर भात शिजतोय, पोळ्या चालल्या आहेत. एक्झॉस्ट फॅनसाठी भोक ठेवले आहे, पण ते डक्टमध्ये उघडते आणि डक्टचा वास घरात येतो म्हणून त्यावर पुठ्ठा लावलेला. फरशी नुकतीच पुसलेली, ती अजून ओली. पंखा पाचवर फिरतो आहे आणि हे सगळे घुसळतो आहे.

या खोलीत ओलावा कुठून येतो, ते मोजता येते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. भाताची आणि डाळीची वाफ त्याहून वेगळी. दोन वेळच्या स्वयंपाकात दीड-दोनशे ग्रॅम गॅस जळला, तर पाव लिटरच्या वर पाणी नुसत्या ज्योतीतून हवेत जाते. मशीनमधून पिळून काढलेल्या कपड्यांत एक-दोन लिटर पाणी सहज उरते, ते सगळे खोलीतच उडते. पाच माणसांचा श्वास आणि घाम आहेच. हे पाणी बाहेर जायला वाट नसेल, तर बाहेरच्या दमट हवेपेक्षा आतली हवा अधिक दमट होते. मग भिंतीचा रंग पापुद्रे धरतो, कपाटामागे बुरशी येते आणि दम्याच्या पोराला रात्र बसून काढावी लागते. अशा घरातून फोन येतो, “दादा, दीड टनाचा एसी बसेल का हो?” मी बसवतो. पण गळक्या छपराखाली बादली ठेवण्यातलाच तो प्रकार आहे.

आता नियमांकडे येतो. दमट हवामानात राहत्या खोलीच्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट खिडकी. नकाशावर ती असते. प्रत्यक्षात तिथे दोन पट्ट्यांची सरकती ॲल्युमिनियम खिडकी बसते आणि ती कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. म्हणजे १० चौरस फूट. त्यावर डासांची जाळी आली की वारा आणखी अडतो. पूर्वीची दोन झडपांची लाकडी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडत असे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत हा फरक धरलेला आहे. हवेसाठी ती खिडकीच्या काचेचे माप मोजत नाही, उघडणारा भाग मोजते आणि उष्ण-दमट प्रदेशात तो जमिनीच्या १६.६६ टक्के हवा, असे सांगते. म्हणजे तोच एक षष्ठांश, पण खराखुरा. नियम तयार आहे. तो राबवणे राज्याच्या हाती आहे.

खिडकी पूर्ण उघडली, तरी समोर मोकळी जागा नसेल तर उपयोग नाही. हा हिशेब मुंबईने शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. तळमजल्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेषा काढायची आणि समोरच्या इमारतीने ती अडवता कामा नये. भूमितीत त्याचा अर्थ सरळ आहे. समोरची इमारत २० मीटर उंच असेल, तर मध्ये १० मीटर मोकळी जागा हवी. आज गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारतींच्या मध्ये जेमतेम ३ मीटर अंतर आहे. तिथे हा कोन ८० अंशांच्या पुढे जातो. पारतंत्र्यातल्या एका ट्रस्टला जे कळले, ते स्वतंत्र महाराष्ट्राच्या पुनर्वसन योजनांना परवडेनासे झाले.

याची किंमत नुसत्या उकाड्याने मोजून भागत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह गोवंडी ज्यात येते त्या महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे इमारती चिकटून आहेत, उजेड आणि वारा कमी आहे, तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. कोंदट हवा उन्हाळ्यात घाम काढते आणि बाराही महिने जंतू सांभाळते.

सर्वांत वरच्या मजल्याचे दुखणे निराळे. तिथे वारा बरा असतो, पण डोक्यावर स्लॅब तापतो. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकरापर्यंत ते खोलीत सोडत राहते. मुंबईत मे महिन्यात रात्रीचे तापमानही सहसा २७ च्या आसपासच राहते, त्यामुळे स्लॅब निवायला वेळच मिळत नाही. उपाय जुनाच आहे. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावला, तर वरच्या मजल्याची हवा दोन ते पाच अंशांनी उतरते. अहमदाबादने मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत झालेल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांची छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आणले. आपल्याकडे गच्चीचा विचार होतो तो गळती लागल्यावर.

यावर हमखास येणारे उत्तर मला पाठ आहे: “लोकांची ऐपत वाढतेय, घेतील एसी.” माझ्या धंद्याला हे उत्तर सोयीचे आहे. तरी त्यातली गोम सांगतो. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण पाच किलोवॅट उष्णता उपसतो, स्वतः खाल्लेली वीज त्यात मिळवतो आणि साडेसहा किलोवॅटच्या आसपास उष्णता आउटडोअर युनिटमधून बाहेर टाकतो. इमारतींमधली जागा ३ मीटरची असेल तर ‘बाहेर’ म्हणजे समोरच्याची खिडकी. एका बोळात दहा आउटडोअर लागले की अकराव्या घराला खिडकी बंद करावीच लागते आणि एसी घेतल्यावाचून इलाज राहत नाही. ज्याची ऐपत नाही, तो शेजाऱ्यांच्या उष्णतेत राहतो.

शिवाय बिल. रात्री आठ तास एसी चालला तर महिन्याला दोनशे ते अडीचशे युनिट सहज वाढतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटनंतर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. घरकाम करणाऱ्या बाईने हौसेने घेतलेला एसी दुसऱ्या महिन्यात कपड्यांची रॅक झालेला मी पाहिला आहे. उलट साधा पंखा ७५ वॉट खातो आणि बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला सोळा तास चालणारे दोन पंखे बदलले, तर महिन्याला चाळीस युनिट वाचतात. जिथे वारा खेळतो, तिथे हा पंखा वर्षातले बहुतेक दिवस निभावून नेतो.

बहुतेक, सगळे नव्हे. हवा पडते, पावसाच्या आधीचे ते आठ-दहा दिवस येतात, तेव्हा खिडकी आणि पंखा दोन्ही थकतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या जाहीर कार्यक्रमात पारा चाळिशीच्या खाली असताना १४ माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. ते उघड्यावर होते हे खरे, पण दमट उष्णता किती कमी आकड्यावर जीव घेते, हे त्या दिवशी दिसले. किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा ३७ वर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर जावा लागतो. चौतिसाव्या अंशाला, हवा पडलेल्या खोलीत घुसमटणारी आजी त्या व्याख्येत बसत नाही. अशा दिवसांत यंत्रच लागते आणि ते प्रत्येक घरात नसले तरी हाकेच्या अंतरावर असले पाहिजे.

तेव्हा मागण्या मांडतो. यांतली एक सोडली तर कशालाच जादा जमीन लागत नाही.

पहिली: पुनर्वसन आणि म्हाडाच्या प्रत्येक इमारतीत खिडकीचा उघडणारा भाग मोजूनच भोगवटा प्रमाणपत्र द्यावे. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग धरावा. विकासक आपणहून झडपांच्या खिडक्यांकडे वळतील.

दुसरी: प्रत्येक घराला दोन बाजूंनी वारा मिळेल अशी रचना सक्तीची करावी. जिथे दोन्ही बाजूंना घरे असलेला कॉरिडॉर टळत नाही, तिथे दारावर जाळीचा झरोका ठेवावा, म्हणजे दार बंद असतानाही हवा आरपार जाईल. अग्निशमनाचे नियम सांभाळून हे कसे करायचे, ते वास्तुविशारद सांगतील. जुन्या चाळींत गॅलरीकडचे दार आणि मागची खिडकी यांमधून हवा वाहायची, ते काही योगायोगाने झाले नव्हते.

तिसरी: स्वयंपाकघराच्या आणि मोरीच्या एक्झॉस्टचे तोंड मोकळ्या हवेत असावे आणि कपडे वाळत घालायला घराबाहेर, पण घराला लागून, जागा असावी. ३०० चौरस फुटांच्या हिशेबात ही जागा धरू नये.

चौथी: गच्चीला उष्णतारोधक थर आणि पांढरा पृष्ठभाग दिल्याखेरीज इमारत पूर्ण झाली असे मानू नये. जुन्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी गच्ची रंगवायचा खर्च देखभाल निधीतून करायची मुभा आणि सूचना द्यावी.

पाचवी: आउटडोअर युनिटची जागा नकाशातच ठरवावी आणि ती डक्टमध्ये किंवा बोळात नसावी. सोबत घराच्या ताब्याबरोबर दोन बीएलडीसी पंखे द्यावेत. इमारतीच्या एकूण खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.

सहावी: पुनर्वसन संकुलात बालवाडी आणि कल्याण केंद्र बांधावेच लागते. त्यांतली एक खोली एसीची करावी आणि ‘उष्ण व दमट’ असा इशारा हवामान खात्याने दिला की ती दिवसरात्र उघडी ठेवावी. म्हातारी, आजारी माणसे, बाळंतिणी आणि रात्रपाळी करून आलेले कामगार तिथे चार तास झोपले, तरी पुष्कळ झाले.

सातवी मागणी जमिनीची आहे, म्हणून ती शेवटी. दोन इमारतींमधले ३ मीटरचे अंतर बंद करा. साडेत्रेसष्ट अंश आज परवडत नसतील तर किती परवडतात ते सांगा, पण एक कोन ठरवा आणि तो कोणासाठीही वाकवू नका. त्यासाठी नगरविकास खात्याशी बोलावे लागेल, योजनेची आर्थिक गणिते पुन्हा मांडावी लागतील, काही प्रकल्पांत विक्रीचा एखादा मजला कमी होईल. हे सोपे आहे असे मी म्हणत नाही. पण ३५ लाख घरे अजून बहुतांशी कागदावर आहेत आणि कागदावरची भिंत सरकवायला खोडरबर पुरते.

रहिवाशांनीही आपल्या बाजूने करायचे ते करावे. स्वयंपाक करताना झाकण ठेवावे, एक्झॉस्टवरचा पुठ्ठा काढावा, एसीच्या खोलीत ओले कपडे टांगू नयेत, एसी १८ वर न ठेवता २६ वर ठेवून सोबत पंखा लावावा, महिन्यातून दोनदा फिल्टर धुवावा. खोलीच्या मानाने मोठा एसी घेऊ नये, तो झटकन गार करून बंद पडतो आणि ओलावा तसाच ठेवतो. हे सगळे मी रोज घरोघरी सांगतो आणि लोक ऐकतात. पण ज्या घराच्या खिडकीसमोर हातभरावर भिंत आहे, तिथे सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरत नाही.

पुनर्वसनाच्या पुढच्या नकाशावर सही होण्याआधी अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: या घरात वारा कुठून येणार आणि कुठून जाणार? उत्तर बोटाने नकाशावर दाखवता आले नाही, तर नकाशा परत पाठवा.

कळावे,

आपला नम्र,
पूर्व उपनगरातला एक एसी कारागीर